पाठीमागचा तोल

या, असे पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनीही जवळ या. आवाज चढवून सांगण्याजोगी ही गोष्ट नाही. कीर्तनात आपण ऐकतो त्या कथा घडून युगं लोटलेली असतात. ही मात्र अजून घडायची आहे. वीसेक वर्षं जाऊ द्यात, मग डिचोलीच्या आसपास कुठंतरी घडेल. एक माणूस, त्याची मोटारसायकल आणि तिच्यावर मागे बसणाऱ्या एक कीर्तनकार बाई, एवढाच संसार आहे या गोष्टीचा. देवाची आहे की यंत्राची, ते शेवटी तुमचं तुम्ही ठरवा.

गोव्यात भाड्यानं मोटारसायकल चालवणाऱ्याला पायलट म्हणतात. गाडीचं पुढचं मडगार्ड पिवळं, छातीवर सरकारी बिल्ला, मागे एक उतारू. म्हाबळू गावस असाच पायलट, वय अठ्ठावन्न. डिचोलीच्या बसस्टँडबाहेर पिंपळाखाली पायलटांचा थांबा. एके काळी तिथं चाळीस गाड्या लागायच्या, आता नऊ. म्हाबळूची बायको इंदू सहा वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नव्हतं. घरी आल्यावर तो रेडिओ लावायचा आणि रेडिओला उत्तरं द्यायचा. “उद्या हवा कोरडी राहील,” असं रेडिओवरची बाई म्हणाली की हा म्हणायचा, “राहू दे बाय, तुझं काय जातंय.”

पायलटाचा धंदा मोठा गमतीचा. दिवसभर माणसं पाठीला चिकटून बसतात आणि तोंड एकाचंही दिसत नाही. त्यामुळे म्हाबळू माणसं वजनानं ओळखायचा. पतपेढीतला कारकून पोत्यासारखा बसतो, घाबरलेली सून तारेसारखी ताठ, आणि दोन पेग लावलेला मनुष्य प्रत्येक वळणावर घरी जाऊ की नको असा विचार करत बसतो. पूर्वी ही माणसं बोलायची तरी. आता हेल्मेटात ज्याचं त्याचं गाणं, ज्याचा त्याचा फोन. उतरताना पाठीवरचं वजन जायचं, तेवढाच निरोप.

आख्यानाआधी पूर्वरंग हवाच, म्हणून दोन घटका शास्त्र ऐका.

दुचाकी वळते ती हँडलनं कमी आणि कलण्यानं जास्त. गाडी कलली की मागच्यालाही कलावं लागतं. तो काही ठरवून कलत नाही. कानाच्या आत बारीक नळ्या आहेत, त्यांतला द्रव हलतो; ते डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूला कळतं; आणि लहान मेंदू पाठीच्या स्नायूंना हुकूम सोडतो. गाडी कलणं आणि माणूस कलणं यांच्यात एक इवलासा उशीर राहतो. सेकंदाचे शंभर भाग केले, तर धडधाकट माणसात तो पंधरा-वीस भागांचा. काही संशोधकांच्या ध्यानात आलं, की लहान मेंदू झिजायला लागला तर हात थरथरायच्या आणि चाल बिघडायच्या कितीतरी आधी हा उशीर वाढतो. दवाखान्यात तो मोजावा तर माणूस सावध होऊन बसतो. मोटारसायकलवर मात्र तो बेसावध असतो, आणि दर वळणावर त्याची परीक्षा होत असते.

म्हणून विजेच्या नव्या गाड्या आल्या तेव्हा त्यांच्या मागच्या बैठकीखाली आठ पातळ पट्ट्या आल्या. दोन्हीकडे पाय टाकून बसणाऱ्यांसाठी एक कोष्टक, लुगडं नेसून एका बाजूला बसणाऱ्या बायकांसाठी दुसरं. खेप संपली की हँडलवरच्या काचेत या उशिराचा आकडा उमटायचा, तोही फक्त पायलटाला दिसेल असा. तोल कच्चा असलेल्याला त्यानं जपून न्यावं म्हणून. नियम सोपा होता. लागोपाठ तीन खेपांना आकडा चाळीसच्या वर गेला, किंवा एकाच खेपेला साठच्या, तर त्या माणसाला दुचाकी बंद. त्याच्यासाठी चारी बाजूंनी बंद अशी मोटार यायची आणि आरोग्य केंद्रात चिठ्ठी जायची. झीज थांबवणारं औषध निघालं होतं. थांबवायचं फक्त, झिजलेलं परत आणायचं नाही. पायलटानं उतारूला आकडा सांगायचा नाही, सांगितला तर बिल्ला जप्त. भीतीनं माणसं बसायचीच सोडून देतील, असं सरकारचं म्हणणं.

पायलटाच्या बैठकीखाली पट्ट्या नव्हत्या. त्याचा तोल कुणाला मोजायचा नव्हता.

झाला पूर्वरंग. आता आख्यान.

वैजयंतीताई बर्वे मुळगावच्या. वय बासष्ट, लग्न केलं नाही, हरिकथेशीच जन्म काढला. दर सोमवारी आणि दोन्ही एकादश्यांना कुठल्या ना कुठल्या देवळात त्यांचं कीर्तन. नऊवारी, खांद्यावर उपरणं, काखेत झांजांची पिशवी. बारीक चणीच्या बाई, पण उभ्या राहिल्या की दोन तास देऊळ हलायचं नाही. अकरा वर्षं त्यांना न्यायला-आणायला म्हाबळूच. थांब्यावरचा सांतान फर्नांडिस त्याला चिडवायचा, “जा रे म्हाबळू, तुझी एकादशी आली. उपास सोडून ये.”

ताई हेल्मेटात गाणं लावायच्या नाहीत. त्या मागे बसून आख्यान घोळवायच्या, आणि अडलं की म्हाबळूच्या पाठीला विचारायच्या.

“म्हाबळू, ऐक रे. देव म्हातारा होऊन होडीत बसलाय. होडीवाल्याला ठाऊक नाही. मग त्यानं देवाला ओळखलं कसं?”

“तेज दिसलं असेल, ताई.”

“ते सगळेच सांगतात. तू सांग.”

म्हाबळूनं उतार संपेपर्यंत विचार केला. “होडीवाला म्हणजे आमच्यासारखाच. तो तोंडाकडे बघतो कुठं? वजनानं ओळखलं असेल. उतारू हलतो, कारण त्याला उतरायची घाई असते. देवाला कसली घाई? तो बसला आणि होडी हललीच नसेल.”

मग पाठीवर पिशवीचा हलका धक्का बसला. “अरे, हे तू आजवर कुठं लपवून ठेवलं होतंस?”

त्या संध्याकाळी म्हाबळू नेहमीसारखा देवळाबाहेर गाडीला टेकून उभा होता. आत तो कधी जायचा नाही. कर्ण्यावर सगळं ऐकू यायचं. उत्तररंगात ताईंचा आवाज आला, “होडीवाल्यानं देवाला ओळखलं ते तेजानं नव्हे हो, वजनानं ओळखलं!” आणि आतून शंभर माणसांचा हुंकार उमटला. म्हाबळूनं आजूबाजूला पाहिलं. सांगायला कुणी नव्हतं. त्यानं गाडीच्या आरशात बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, “माझं आहे ते.”

घरी ज्याचं कुणी ऐकत नाही, त्याचं वाक्य शंभर माणसं ऐकतात, याचं मोल काय ते तुम्ही-आम्ही काय सांगावं?

मग चैत्र आला. ताईंचा आकडा वर्षानुवर्षं अठरा. तो फाल्गुनात हळूच एकतीसवर आला, आणि चैत्रातल्या एका सोमवारी एक्केचाळीस. म्हाबळूला वाटलं, काचेला धूळ लागली असेल. परतीच्या खेपेला त्रेचाळीस.

थांब्यावर त्यानं सांतानला नाव न सांगता विचारलं. “एखाद्याचे दोन झाले. तिसऱ्याला काय होईल?”

“काय व्हायचंय? गेला तो मोटारीत. काचा वर, एसी चालू, आत एकटा राजा.” सांतान काडीनं दात कोरत होता. “का रे? तुझी एकादशी की काय?”

“छे. मये गावचा एक म्हातारा आहे.”

“म्हातारा असेल तर खांदा पाड.”

ही पायलटांची जुनी विद्या. यंत्रं येण्याआधीपासूनची. दारू प्यालेला, दिवस गेलेली बाई, मांडीवर गणपती घेऊन बसलेला यजमान, यांना नेताना मुरलेला पायलट वळणाच्या जरा आधी आपला खांदा किंचित खाली सोडतो. गाडी अजून सरळच असते. पण मागच्याचं अंग डोळ्यांसमोरची पाठ बघून आपोआप कलायला लागतं. मग पायलट गाडी कलवतो. मागच्याला वाटतं, काय सुरेख चालवतो हा! पट्ट्यांनाही तसंच वाटायचं. उशीर असायचाच, पण त्यातला काही भाग गाडी कलण्याच्या आधीच उरकलेला असायचा.

तिसऱ्या खेपेला म्हाबळूनं खांदा पाडला. आकडा आला बत्तीस.

त्यानं मनाला समजावलं ते असं : ताईंना चिठ्ठी गेली तर त्यांचं कीर्तन बंद करतील. कीर्तन गेलं तर बाई उरतील काय? चार दिवस मिळाले तर मिळू देत. एवढं पुण्याचं बोलून झाल्यावर मनाच्या तळाशी जे होतं ते त्यानं उकरलं नाही. तळाशी एवढंच होतं, की सोमवारी पाठीमागून कुणी “म्हाबळू, ऐक रे” म्हणायचं राहील.

चैत्र गेला, पावसाळा गेला. मुळगावला परतताना जोडवळण म्हणून एक जागा आहे. तिथं कडेला पांढरे खुंट रोवलेत, बरोबर मीटर मीटरच्या अंतरानं. चैत्रात म्हाबळू वळणाच्या मीटरभर आधीच्या, शेवटच्या खुंटाशी खांदा पाडायचा. श्रावणात शेवटून दुसऱ्याशी पाडावा लागला. कार्तिकात शेवटून तिसऱ्याशी. आकडा मात्र तिशीच्या आतबाहेर गुण्यागोविंदानं नांदत होता. त्या सात महिन्यांत ताई दोनदा म्हणाल्या, “तुझा हात दिवसेंदिवस मऊ होतोय रे.” म्हाबळूनं नजर पुढच्या खुंटावर ठेवली. स्तुती त्याला पहिल्यांदाच नकोशी झाली होती.

कार्तिकी एकादशीला माशेलच्या बाजूला एका लहान देवळात कीर्तन होतं. ऐन वेळी कर्णा बिघडला. बाहेर काही ऐकू येईना, म्हणून म्हाबळूनं चपला काढल्या आणि आत जाऊन मागच्या बाजूला उभा राहिला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच तो ताईंना कीर्तन करताना बघत होता.

होडीवाल्याचंच आख्यान होतं. ताई मध्यभागी उभ्या, कपाळाला बुक्का, गळ्यात हार. होडी पाण्यात लोटली असं सांगत त्या डोलल्या, आणि लोक खूश होऊन डोलले. पण म्हाबळू लोकांत नव्हता. त्यानं ताईंचा डावा पाय बघितला. तो जमिनीवर टेकण्याआधी दोनदा जागा शोधत होता. डोलून झाल्यावर अंग सरळ व्हायला हवं होतं, ते आणखी एका झोक्याइतकं गेलं. ताईंचा हात पेटीवाल्याच्या खांद्यावर पडला. “होडीवाल्या, धर रे बाबा!” त्या हसून म्हणाल्या आणि देऊळ हशानं भरलं. पेटीवाला हसला. पुढे बसलेल्या बायकांनी टाळ्या पिटल्या. केवढा हा अभिनय!

ताईंच्या डोळ्यांत हसू नव्हतं. तेवढ्या देवळात ते एकालाच दिसलं.

सहा वाजता दोघं निघाले. अजून पुरता अंधार पडला नव्हता. जोडवळण आलं. शेवटून तिसरा खुंट गेला, दुसरा गेला, शेवटचाही गेला. म्हाबळूनं दोन्ही खांदे दगडासारखे धरून ठेवले आणि नुसती गाडी कलवली.

मागचं वजन बाहेरच्या बाजूला फेकल्यासारखं गेलं. ताईंनी पहिल्यांदाच त्याचा खांदा गच्च पकडला. “अरे! आज गाडी कशी चालवतोस?”

साठ ओलांडले म्हणून खेप संपायच्या आतच काचेत आकडा उमटला : सहासष्ट. गाडीनं आपणहून वेग कमी केला, कडेला येऊन उभी राहिली, आणि आतून यंत्रातली बाई गोड आवाजात बोलली, “कृपया प्रवाशाला उतरवा. पर्यायी वाहन येत आहे.”

रस्त्याच्या कडेला मोरीचा कठडा होता. ताई त्यावर बसल्या. म्हाबळू उभाच राहिला. मग बोलला. चैत्रातले एक्केचाळीस, त्रेचाळीस, खांदा, खुंट, सगळं. मध्ये एकदा म्हणाला, “मला वाटलं, ताई, तुमचं कीर्तन बंद पडेल.” मग जे उकरलं नव्हतं तेही उकरलं. “खोटं बोललो. माझा सोमवार बंद पडेल, असं वाटलं.”

ताईंनी झांजांची पिशवी मांडीवर ओढून घेतली.

“श्रावणात मी न्हाणीघरात पडले,” त्या म्हणाल्या. “भाद्रपदात देवघराच्या उंबऱ्याला अडखळले. दोनदा मनात आलं, डॉक्टरला दाखवावं. मग सोमवार यायचा. तुझ्या मागे बसायची. अशी लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी वळायची आणि माझं अंग बरोबर तिच्यासोबत. मी म्हणायची, बघ वैजे, उगाच घाबरतेस. तोल बिघडला असता तर मोटारसायकलवर कळलं नसतं का?”

म्हाबळू खाली बसला. रस्त्यावरच.

“तुझी पाठ म्हणजे माझा दाखला होता रे,” ताई म्हणाल्या. “तो खोटा निघाला.”

बंद मोटार आली. तिच्यात चालक नव्हता. दार आपणहून उघडलं. म्हाबळूनं हात पुढे केला, तो ताईंनी धरला नाही. दाराची कड धरून, एकेक पाऊल ठेवत त्या आत बसल्या. काच वर गेली.

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातून म्हाबळूला बोलावणं आलं. डॉक्टर नफिसा शेख, तिशीतली मुलगी, समोर ताईंचा आलेख उघडून बसली होती. पायलटाला चार प्रश्न विचारायची रीत होती, म्हणून.

“काका, सात महिने आकडा तीसच्या आसपास आणि एका खेपेत सहासष्ट. त्या दिवशी काही झालं होतं का? पडल्या, मार लागला?”

“ताई काय म्हणाल्या?”

“त्या म्हणतात, काही आठवत नाही.” डॉक्टरनं आलेखावर बोट ठेवलं. “असा एकदम चढलेला आकडा म्हणजे मेंदूला सूज. झीज अशी उडी मारत नाही. सुजेचं औषध उद्या सकाळी सुरू करतोय. कडक आहे, या वयात हाडं पोकळ होतील, पण थांबता येत नाही.”

म्हाबळूच्या ध्यानात आलं. आठवत नाही? अख्खं आख्यान पाठ असणाऱ्या बाईला तीन दिवसांपूर्वीचं आठवत नाही? त्याचा बिल्ला जाईल म्हणून ताई गप्प होत्या. आता त्या त्याच्यासाठी खांदा पाडत होत्या. आणि त्या गप्प बसण्यानं उद्या आपल्या अंगात चुकीचं औषध जाणार, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“डॉक्टर, आलेख खोटा आहे,” म्हाबळू म्हणाला. “मी केलाय.”

सगळं ऐकून डॉक्टरचा चेहरा लाल झाला. रागावली ती, का रागावणार नाही? “सात महिने, काका! सात महिने आधी आल्या असत्या तर—” मग तिनं स्वतःला आवरलं. “बरं. झीज असेल तर औषधाची मात्रा ती किती वेगानं वाढली त्यावर ठरते. मला त्या सात महिन्यांचे खरे आकडे हवेत. ते आणू कुठून? तुम्ही ते पुसून टाकलेत.”

म्हाबळूनं मान खाली घातली. मग एकदम वर केली. “खुंट मोजले तर चालतील?”

“कसले खुंट?”

दुपारच्या उन्हात डॉक्टर शेख टेप घेऊन जोडवळणावर उभी होती आणि म्हाबळू तिला एकेक खुंट हात लावून दाखवत होता. चैत्र ते वैशाख, इथं. आषाढात इथं आणि तिथं यांच्या मध्ये. त्या गवताच्या पुंजक्याशी. श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारपासून हा. नागपंचमी झाली होती, म्हणून लक्षात आहे. दिवाळीनंतर तो.

“वेग?”

“तीस. ताई असताना तीसच्या वर कधी नाही.”

डॉक्टरनं कागदावर हिशेब मांडला. ताशी तीसच्या वेगानं गाडी सेकंदाला आठ मीटरांहून जरा जास्त जाते. म्हणजे एक खुंट ओलांडायला सेकंदाचे बारा शतांश, आणि खुंटागणिक तेवढाच उशीर खांद्यानं लपवला होता. काचेतले बत्तीस अधिक एक खुंट : चव्वेचाळीस. श्रावणातले एकतीस अधिक दोन : पंचावन्न. कार्तिकातले तीस अधिक तीन—

“सहासष्ट,” ती पुटपुटली. शेवटच्या खेपेला यंत्रानं दाखवला होता तोच आकडा. कागदावरचे ठिपके तिनं जोडले. उडी नव्हती. शांत, सरळ चढ होता. झीजच होती.

तिनं तिथूनच फोन लावून सुजेचं औषध थांबवलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, “काका, हे मला लेखी लागेल. सही केलीत तर तुमचा बिल्ला जाणार.”

“पेन आहे ना?” म्हाबळू म्हणाला.

बिल्ला गेला. पिवळी गाडी जप्त झाली. सांतान थांब्यावर म्हणाला, “वेड्या, गप्प बसला असतास तर तीस वर्षांचा धंदा वाचला असता.” मग तोच आपल्या गाडीवर बसवून म्हाबळूला घरी सोडायला निघाला. म्हाबळू आयुष्यात पहिल्यांदा पायलटाच्या मागे बसला. कुठं धरावं ते त्याला कळेना. 

माघात ताईंनी म्हाबळूला मुळगावला बोलावून घेतलं. औषध लागू पडलं होतं. झीज थांबली होती, पण गेलं ते गेलं. अर्धा तास त्या उभ्या राहू शकत. पुढे पाय जागा शोधायला लागत.

“पूर्वरंग उभ्यानं करणार, उत्तररंग बसून,” त्या म्हणाल्या. “लोक म्हणतील, बसून केलं ते कीर्तन नव्हे, प्रवचन झालं. म्हणू देत. देवाला म्हाताऱ्याचं सोंग चालतं, तर बसलेल्या बाईचं कीर्तन चालेल.”

म्हाबळू हसला. मग म्हणाला, “ताई, मला क्षमा—”

“ती कधीच केली. त्याच दिवशी, मोटारीत. करायची नाही म्हणून बसले होते, पण साखळी गाव यायच्या आत होऊन गेली.” ताईंनी दूध-गुळाची वाटी त्याच्यापुढे सरकवली. “माझी हाडं वाचवलीस, हेही डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय मला. पण ऐक, म्हाबळू. उद्या तुला गाडी परत मिळाली, तरी मी तुझ्या मागे बसणार नाही. राग म्हणून नव्हे. तुझ्या मागे बसले की माझा तोल कुठं संपतो आणि तुझा कुठं सुरू होतो, ते मला कळत नाही. आता जेवढा उरलाय तेवढा माझा मला कळायला हवा.”

“होय, ताई.”

“वाटी उष्टी ठेवू नकोस.”

त्यानं वाटी संपवली, विहिरीवर नेऊन विसळली, पालथी ठेवली आणि चालत निघाला. मुळगाव ते डिचोली, उन्हातून. पुढे तो एका तेलाच्या घाण्यावर खोबरं निवडायला लागला. चांगलं-खवट बघायचं काम, बोलायचं नाही. ताईंचं कीर्तन पुन्हा सुरू झालं, लोक येऊ लागले, बसून केलेल्या उत्तररंगालाही रडू लागले. ताईंना देवळात न्यायला बंद मोटार यायची. तिच्यात त्या आख्यान घोळवत का, ते ठाऊक नाही. घोळवत असल्या तरी विचारायला पाठ नव्हती.

गोष्ट संपली. आता जाण्याआधी एक मागणं आहे, तेवढं ऐकून घ्या.

आरती झाल्यावर तुम्ही हात जोडता, घरच्यांची नावं मनात घेता. कुणाचा मुलगा परगावी, कुणाचं दुखणं, कुणाचं लग्न. ती नावं घेऊन झाली, की डोळे उघडण्याआधी आणखी एक घ्या. म्हाबळू. म्हाबळू गावस, डिचोलीचा. ताई चिडल्यावर घेतील त्याचं नाव, सांतान थट्टेत घेईल. पण देवापुढे घेणारं त्याच्या घरी आता कुणी नाही. तुम्ही घ्या.